माहेरचं विचारणं

१९८९ सालची गोष्ट. सप्टेंबरातला शनिवार होता. कच्च्या टोमॅटोच्या लोणच्यावर मी फोडणी ओतत होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं. जाळीपलीकडे ब्लिया उभी. काखेत कापडाचं बोचकं, पायांत कारखान्यातले जाड बूट.

"ताई, मला कपडे घालून दे," ती म्हणाली.

"का गं, तुझे तुला घालता येत नाहीत?"

"हे नाही येत. कमरेचा पट्टा मागून बांधायचा असतो. फेटासुद्धा दुसऱ्यानेच बांधायचा."

"मग तुझ्या जावेला सांगायचं. एवढं अंतर चालत आलीस ते?"

"जाऊ नाही घालणार," ती म्हणाली. "आमच्यातली कोणीच नाही घालणार."

मी गॅस बंद केला.

सेंट पॉलमध्ये हातमोजे शिवायच्या एका कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. ब्लिया ह्मोंग होती. लाओसच्या डोंगरातून, थायलंडच्या छावणीतून ही माणसं मिनेसोटाच्या बर्फात येऊन पडली होती. आम्हा दोघींचं इंग्रजी मोडकंच. पण दोघींचं एकाच जागी मोडलेलं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मंदाकिनी हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून मी 'ताई' शिकवलं. तिच्या वाफ्यातल्या मिरच्या माझ्या डब्यात आणि माझा ठेचा तिच्या भातावर, असं आमचं चालायचं. ती नेहमी माझ्या डाव्या हाताला बसायची. तिचा डावा कान नवऱ्याने फोडला होता. उजवा माझ्या बाजूला राहावा म्हणून तिने जागा बदलून घेतली, हे मला फार नंतर कळलं.

"आज बैठक आहे ना?" मी विचारलं.

"आहे. तिसरी."

त्यांच्यात नवराबायकोचं भांडण कोर्टात नेत नसत. दोन्हीकडच्या घराण्यांतली वडीलधारी माणसं बसायची आणि निवाडा करायची. ब्लिया मुआ घराण्याची, तिचा नवरा नेंग खांग घराण्याचा. पहिल्या बैठकीत म्हातारे म्हणाले, परत जा. दुसऱ्या बैठकीत म्हणाले, परत जा आणि तोंड आवर. मधे एकदा पोलीस आले, नेंगला घेऊन गेले, सोडूनही दिलं. त्यानंतर घरात मार वाढला आणि घराबाहेर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या.

"मी एकटी राहू शकते," ती मला एकदा मशीनवर सुई ओवता ओवता म्हणाली होती. "पगार मिळतो. खोली मिळेल. पण लग्न झालं की आमच्या मुलीला माहेरच्या घराचे देव ओळखत नाहीत. भावाच्या घरी ती बाळंत होऊ शकत नाही, मरूसुद्धा शकत नाही. खांगांना सोडलं आणि मुआंनी घेतलं नाही, तर मेल्यावर मी कुठे जाऊ? ताई, जिवंतपणी भटकले आहे मी पुष्कळ. मेल्यावर नाही भटकायचं." तिला एवढंच हवं होतं: तिचा भाऊ तोऊ याने सगळ्यांसमक्ष तोंड उघडावं आणि तिला घरी घ्यावं. तोऊ दोन्ही बैठकांना आला होता आणि दोन्ही वेळा आपल्या चपलांकडे बघत बसला होता.

मी तिला झोपायच्या खोलीत नेलं. बोचकं सोडलं तर आत इतकं सुरेख काम, की मी, मिरजेच्या शिंप्याची मुलगी, बघतच राहिले. हाताने विणलेलं तागाचं जाडंभरडं कापड, त्यावर निळ्या-तांबड्या चौकटी, शंखाची वळणं, टाका तर दिसतच नव्हता. बारीक चुण्यांचा घागरा. लांब पट्टा. तागाच्याच, टोकं वर वळलेल्या चपला.

"आईने केलेत," ती म्हणाली. "लग्नात दिले."

"आणि इतकी वर्षं घातले नाहीस? वेडी आहेस."

तिने पाठ माझ्याकडे वळवली. मी पट्टा आवळून बांधला. आवरताना एक टोक सुटं राहत होतं, म्हणून मी सेफ्टी पिन काढली.

"नको! लोखंड नको."

आपल्याकडे सोवळ्यात असतं तसं काहीतरी असेल, असं मला वाटलं. मग पाहिलं, तर साऱ्या कपड्यांत एक हूक नव्हता, एक बटण नव्हतं. सगळे बंदच. मी ते टोक टाके घालून बसवलं. फेटा बांधला. एवढी नटलेली बाई समोर बघून हात आवरेना, म्हणून डबीतलं कुंकू लावलं.

"हे कशासाठी?"

"नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून लावतात."

ब्लिया एवढ्या मोठ्याने हसली की फेटा हलला. "मग पुसून टाक!" म्हणाली. आरशात बघून तिने पुन्हा विचारलं, "आणि बायकोला आयुष्य मिळावं म्हणून नवरा काय लावतो?"

"काही नाही लावत."

"हं." ती आरशाजवळ गेली. "राहू दे. लाल रंग चांगला दिसतो."

आमचे हे कॉफी घ्यायला आत आले होते. "अरे वा," म्हणाले, "आज कुठे मिरवणूक?" ती नुसती हसली. तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते मला मराठीत म्हणाले, "मंदा, त्यांच्या भानगडीत पडू नकोस. वकिलाचा नंबर दे आणि मोकळी हो."

"त्यांच्यात निदान भानगड झाली की सगळे एकत्र तरी बसतात," मी म्हटलं आणि गाडीची किल्ली घेतली.

निघताना तिने माझा हिवाळ्यातला लांब कोट मागून घेतला आणि गळ्यापर्यंत बंद केला. बाहेर चांगलं ऊन होतं. "शिजशील," मी म्हटलं. "आत गेल्यावर काढीन," ती म्हणाली. फेटा तिने उतरवून त्या चपलांसकट कोटाच्या आत घेतला. मी तो किती मेहनतीने बांधला होता!

मुलांना तिने सकाळीच तोऊच्या बायकोकडे पाठवलं होतं. तिच्या घरी बैठकीच्या खोलीत पुरुष जमले होते. एका भिंतीला खांग, समोर मुआ. मधल्या भिंतीवर सोनेरी-चंदेरी कागद चिकटवलेला देव्हारा होता. त्याच्याखाली न्हियापाओ आजोबा बसले होते. खांगांतले सगळ्यांत वयोवृद्ध, पातळ पांढरी दाढी, अंगावर सूट, पायांत स्लीपर. नेंग त्यांच्या शेजारी. दिसायला देखणा, अदबशीर माणूस. मला बघून उठला आणि खुर्चीसुद्धा देऊ केली. ती मी घेतली नाही. बायकांची जागा स्वयंपाकघरात होती.

तिथे ब्लियाची मोठी जाऊ येर कोंबडीचा रस्सा ढवळत होती. बुटकी, भरल्या अंगाची, चेहरा कायम रागावलेला.

"ही कोण?" तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. "पोलीस?"

"मशीनवरची मैत्रीण," ब्लिया म्हणाली.

"मैत्रीण कशाला हवी? आमचं घरातलं आहे." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मिरची खाता?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"बघू." तिने खलबत्ता माझ्यापुढे सरकवला. "कुटा."

मी कुटायला लागले. तिने थोडी चाखली, पुटपुटली, "बरी आहे," आणि तेवढ्यावर आमचा तह झाला. ब्लिया कोट न काढताच बाहेर जाऊन एका स्टुलावर बसली. मी आणि येर दाराच्या चौकटीशी उभ्या राहिलो. येर हळू आवाजात, मोडक्या इंग्रजीत मला अर्थ सांगत होती.

आधी नेंग बोलला. "म्हणतोय, मी दारू पीत नाही. जुगार खेळत नाही. कामावर जातो. बायको उलट बोलते, म्हणून हात उठतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खोटं नाही. दारू पीत नाही." येरने नाक ओढलं. "शुद्धीत मारतो."

मग आजोबा बोलले, बराच वेळ, शांतपणे, हात हलवत. "म्हणतात, आपण लाओसमधून नदी ओलांडून आलो, माणसं गमावली, आता घरं मोडायची नाहीत. नेंगने पुन्हा मारलं तर दंड करू. ब्लियाने माफी मागावी. मग जेवू."

"ही कशाची माफी मागणार?"

"घरी पोलीस आले त्याची."

तोऊ चपलांकडे बघत होता. आजोबांनी त्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. येर म्हणाली, "मुआंना मान्य आहे का, असं विचारलं." तिने रश्श्याकडे मोहरा वळवला. "झालं. दरवेळचंच."

तेवढ्यात ब्लिया उठली. तिने कोटाची बटणं सोडली, कोट खाली टाकला. बूट काढून तागाच्या चपला घातल्या. फेटा दोन्ही हातांनी डोक्यावर बसवला. मग खोलीच्या मधोमध, देव्हाऱ्यासमोर, ती सरळ उताणी झोपली. हात अंगालगत, डोळे मिटलेले.

माझ्या शेजारी पळी जमिनीवर पडली. येरने माझं मनगट धरलं, नखं रुतली.

"हे कोणी घातलं तिला?"

"मी. का?"

"तुम्ही... हे मेलेल्याचे कपडे आहेत! आई मुलीला देते, ती जपून ठेवते. मेल्यावरच घालतात, म्हणून तर त्यात लोखंड नसतं. पूर्वजांनी ओळखावं म्हणून. त्या चपला मेल्यावर वाटेत लागणारा सुरवंटांचा डोंगर चढायला. जिवंत बाईच्या अंगाला असं कोणी..."

मी तिथेच भिंतीला टेकले. कारण ते काम मी पूर्वी एकदा केलं होतं. मिरजेला, माझ्या थोरल्या बहिणीला, शालनला, मीच हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातांत बांगड्या चढवल्या होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं होतं. जिन्यावरून पडली, असं तिच्या सासरी म्हणाले. मानेवर बोटांचे वळ होते. आमचे वडील आणि भाऊ ओसरीवर खाली मान घालून बसले, स्मशानात गेले, परत आले. काय झालं, असं कोणी विचारलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

बाहेर नेंग हसला. एकटाच. "वेड लागलंय म्हणतोय," येर म्हणाली. आजोबांनी ब्लियाला दोनदा हाक मारली. कपडे काढ, अपशकुन होतो, असं काहीसं. ती हलली नाही.

"बोलत का नाही?" मी विचारलं.

"मेलेलं माणूस कसं बोलेल?" येरचा आवाज बदलला होता. ती तोऊकडे बघत होती. "आमच्यात बाई मेली की तिचा भाऊ येतो. तो विचारल्याशिवाय तिला पुरत नाहीत. सासरच्यांनी गुडघे टेकून उत्तर द्यायचं. भावाचं समाधान झालं नाही तर प्रेत हलत नाही, कितीही दिवस जावोत. त्या वेळी भाऊ सगळ्यांत मोठा. आजोबांहूनही मोठा." तिने श्वास घेतला. "पण ते मेल्यावर. जिवंतपणी कोणी विचारत नाही."

तोऊ उठला. सडपातळ, चष्मेवाला माणूस, कुठल्याशा शाळेत फरशा पुसायचा. बहिणीच्या पायांशी जाऊन उभा राहिला. तिच्या चपलांकडे त्याने पाहिलं. त्याच्या आईच्या हातचे टाके त्याने ओळखले असणार. नेंग त्याला हटकायला उठला, तर मुआंच्या बाजूचा कोणीतरी म्हणाला, "बस." हे मला न सांगता कळलं.

तोऊने विचारायला सुरुवात केली. बोलणं नव्हतं ते, गाणंही नव्हतं. जुन्या शब्दांची एका लयीतली ओळ. पहिल्यांदा आवाज फुटेना. मग फुटला. येर माझ्या कानाशी एकेक वाक्य ठेवत गेली.

"आमची मुलगी आम्ही तुम्हाला धडधाकट दिली. स्वतःच्या पायांनी चालत आली. आज ती आडवी का? तिला काय झालं? तहान लागली तेव्हा तिला पाणी कोणी दिलं? पडली तेव्हा कोणी उचललं? तिच्यावर हात कोणी टाकला?"

न्हियापाओ आजोबांनी डोळे मिटले. त्यांना ते शब्द पाठ होते. कितीतरी मयतांत खांगांच्या वतीने त्यांनीच उत्तर दिलं असेल. ते शब्द कानावर पडल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते खुर्चीवरून उतरले, एका हाताने देव्हाऱ्याची भिंत धरली आणि गुडघे टेकले. सूट घातलेला तो म्हातारा माणूस गालिच्यावर वाकला आणि खांगांच्या भिंतीला बसलेल्यांत कुजबुज उठली. नेंग ओरडला, "ती जिवंत आहे! दिसत नाही का तुम्हाला? जिवंत आहे!"

"तिला हेच तर म्हणायचं आहे," येर म्हणाली.

"आता उत्तर कोण देणार? आजोबा?"

"नाही. आजारपणात जिने तिची सेवा केली, ती."

"कोणी केली?"

येरने दोन्ही हात एप्रनला पुसले, आधी पुढून, मग मागून, रश्श्याखालची आच बंद केली आणि मला तिथेच सोडून ती बाहेर पुरुषांत गेली.

पुढचं मला कोणी सांगायला नव्हतं. येर आजोबांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि बोलली. तिने तळहात आपल्या डाव्या कानावर आपटला. मग मनगट धरून पिरगाळून दाखवलं. जिन्याकडे बोट केलं, वरच्या पायरीकडे, मग खालच्या. केस मुठीत धरले. तिचा स्वतःचा नवरा खांगांच्या रांगेतून काहीतरी खेकसला. तिने मान न वळवता त्याला दोन शब्दांत गप्प केलं. शेवटी तिने पोटावर हात ठेवला आणि तो तिथून बराच वेळ उचलला नाही. हे मला माहीत नव्हतं. आम्ही रोज एका बाकावर डबा खायचो आणि हे मला माहीत नव्हतं.

ब्लियाचे डोळे मिटलेलेच होते. कानशिलांवरून पाणी फेट्यात जिरत होतं.

नेंग दार आपटून बाहेर गेला. कोणीही त्याला थांबवलं नाही.

तोऊ काहीतरी म्हणाला. छोटंसं. लगेच मुआंच्या रांगेतले सगळे उठून उभे राहिले. आजोबांनी मान डोलावली. येर माझ्याकडे परत आली तेव्हा तिचा चेहरा पुन्हा रागावलेला झाला होता.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, माझ्या घरी चल. माझ्या घरात राहा, माझ्या घरात मर."

मी रडत होते. येरने माझ्या हातात ताटांची चळत दिली. "नंतर रडा. भात गार होतोय."

ब्लिया उठून बसली. फेटा एका बाजूला कलला होता, कुंकू पसरलं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. खोलीतले अर्धे लोक दचकले, मग मुआंतला एक म्हातारा हसला आणि मग सगळेच. काय म्हणाली ते मी येरला विचारलं.

"म्हणते, मला वाढा. मेल्यापासून काही खाल्लं नाही."

त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. नेंग कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याने दुसरं लग्न ठरवलं, तेव्हा त्या नवऱ्यामुलीचा भाऊ विमानाने सेंट पॉलला आला, येरच्या स्वयंपाकघरात बसला आणि लग्नाआधीच सगळं विचारून गेला. ते लग्न झालं नाही. न्हियापाओ आजोबा तीन-चार वर्षांत वारले. जाण्यापूर्वी त्यांनी खांगांच्या बैठकीत बायकांसाठी खुर्च्या मांडायला लावल्या; सुरुवातीला त्यांवर कोणी बसत नसे. मग येर बसायला लागली. तिचा नवरा तिच्याशी वर्षभर बोलला नाही. ती म्हणायची, आयुष्यातलं सगळ्यांत शांत वर्ष. आता ती नव्वदीला टेकली आहे आणि तिच्यासमोर खोटं बोलायला अजून माणसं घाबरतात. तोऊही आता या जगात नाही. बैठकीनंतर त्याने बहिणीला घरात घेण्याचा रीतसर विधी केला होता, पुढे त्याच्या शेजारचंच घर तिने घेतलं आणि दोन्ही घरांच्या मधलं कुंपण काढून मिरच्या लावल्या. ब्लिया तिथेच आहे. मुलं मोठी झाली, नातवंडं झाली. माझ्या हातचा ठेचा आता तिला तिखट लागत नाही म्हणते, म्हातारी झालीस ताई, तुझा हात चालत नाही.

आणि मी. १९८९च्याच डिसेंबरात मी मिरजेला गेले. वडील आता हयात नव्हते, भाऊही नव्हता. शालनच्या सासरची गल्ली मला सापडली. दुपारची वेळ होती, बायका दारांत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. केस पांढरे, हातात वर्तमानपत्र. ओळखलं त्याने. "या, या," म्हणाला. "बसा. चहा टाकायला सांगतो."

"बसायला नाही आले. विचारायला आले आहे. आमची मुलगी आम्ही तुम्हाला धडधाकट दिली होती. तिला काय झालं?"

त्याने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. "इतक्या वर्षांनी? आणि हे विचारणाऱ्या तुम्ही कोण?"

"माहेर विचारतंय," मी म्हटलं.

त्याने दार लावून घेतलं. बायकांचे हात सुपांत थांबले होते. मी त्या बंद दाराला पुन्हा तेच विचारलं, या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.